कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात? आधी तिसरी पिन कुठे जाते ते बघा

काकूंनी फोनवर सांगितलं ते असं: "बाय, ह्यो डबा चावतो गो. चपला घातल्या की गप, काढल्या की चावतो."

चिपळुणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायला लागून मला २१ वर्षं झाली, पण दोषाचं इतकं नेमकं वर्णन मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही क्वचित ऐकलंय. लोक येतात ते सरळ कॅबिनेट काखेत मारून. "शॉक बसतो, एसएमपीएस बदलून द्या." (एसएमपीएस म्हणजे डब्यातला वीज पुरवणारा भाग.) दुकानातल्या बोर्डावर तोच डबा लावला की काही नाही. मग माझ्यावर संशय, की न बघताच परत पाठवते. काकूंच्या नातवाच्या डब्यातला एसएमपीएस तर माझ्याकडे यायच्या आधी दुसरीकडे दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा पैसे गेले, चावणं तसंच.

म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते. तुम्हाला स्वतःला काय तपासता येईल, वायरमनला काय करायला सांगायचं आणि काय करू द्यायचं नाही.

आधी तो चावतो कशामुळे ते. पॉवर कॉर्ड एसएमपीएसमध्ये शिरते तिथे आत दोन छोटे कपॅसिटर असतात, बहुतेक वेळा निळे, चपट्या गोळीएवढे. एक फेजपासून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. एसएमपीएस आत भराभर चालू-बंद होत असतो, त्याचा जो विजेचा कचरा तयार होतो तो या दोघांनी तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडायचा, अशी रचना. म्हणजे हा बिघाड नाही, कंपनीने मुद्दाम ठेवलेली वाट आहे. पण भिंतीतल्या बोर्डाच्या मोठ्या भोकाला पुढे काही जोडलेलंच नसेल तर? एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, मध्ये दोन सारखे कपॅसिटर आणि त्यांच्या मधोमध तुमचा पत्रा. पत्र्यावर निम्मे व्होल्ट येऊन बसतात, ११५ च्या आसपास. नवा एसएमपीएस घातला तर त्याच्यातही तेच दोन निळे कपॅसिटर. चावणं कसं जाईल?

११५ म्हटल्यावर घाबरायला होतं, पण त्यामागे करंट फार थोडा असतो. ४७०० पिकोफॅरडचा कपॅसिटर असेल तर २३० व्होल्टला, ५० हर्ट्झवर जास्तीत जास्त एक तृतीयांश मिलिअँपिअर. माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास जाणवायला लागतं, म्हणजे हा करंट काठावरचा. त्यामुळे तळहाताने डबा धरला तर काही कळत नाही, आणि हाताची मागची बाजू पत्र्यावरून हलकेच फिरवली की बारीक खरखर लागते. ओला हात, मनगटाची आतली बाजू, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपखालच्या उघड्या मांड्या, इथे जास्त. काकूंच्या माजघरात तर शेणाने सारवलेली जमीन, त्यात पावसाळा. अनवाणी उभं राहिलं की माणूसच अर्थिंगची तार. रबरी चप्पल घातली की वाट बंद.

आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. एका एक्स्टेन्शन बोर्डावर कॅबिनेट, मॉनिटर आणि प्रिंटर लावले की तिघांच्या तिसऱ्या पिना आतल्या पट्टीने एकमेकांना जोडल्या जातात. पट्टीला पुढे जमीन नसेल तर तिघांची गळती एकत्र होते आणि ज्याला हात लागेल त्याच्यातून येते. "प्रिंटर घेतल्यापासून कॉम्प्युटर चावायला लागला" ही तक्रार म्हणूनच खरी असते, आणि त्यात प्रिंटरचा काहीही दोष नसतो. याच पट्टीमुळे, उद्या तिघांपैकी एकाच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर तिघांचेही पत्रे पुऱ्या २३० वर जातात. त्या वेळी मागे एक तृतीयांश मिलिअँपिअरची मर्यादा नसते. झिणझिण सहन होते म्हणून वर्षानुवर्षं तसंच वापरणाऱ्यांना मी एवढंच सांगते: तुमच्या घरात तो दिवस आला तर अडवायला काहीही नाही.

आता तपासणी.

टेस्टर बाजूला ठेवा. माझे वडील वायरमन होते, ते म्हणायचे, "टेस्टर पेटला म्हणजे काहीतरी आहे. किती आहे ते टेस्टरला विचारू नये." टेस्टरमधला निऑनचा दिवा निळ्या कपॅसिटरच्या त्या नगण्य गळतीवरही झोकात पेटतो आणि खरोखरची फेज पत्र्याला टेकली असेल तरीही तसाच. त्याला फरक कळत नाही. तीनचारशे रुपयांत साधा डिजिटल मल्टिमीटर मिळतो, तो घ्या. मोजायचे एसी व्होल्ट आहेत, म्हणून चक्री एसीच्या ६०० किंवा ७५० च्या खुणेवर. लाल प्रोब (मीटरची टोकदार तार) मीटरच्या कुठल्या भोकात आहे ते दोनदा बघा. आधी कधी करंट मोजला असेल आणि प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिला असेल, तर सॉकेटमध्ये घालताक्षणी सरळ शॉर्ट. माझ्या एका प्रोबचं टोक असंच वितळून थेंबासारखं झालंय. ते मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवलंय, नवीन पोराला दाखवायला.

पायात रबरी चप्पल, हात कोरडे, प्रोबच्या प्लास्टिकच्या कडेच्या मागेच बोटं. बोर्डासमोर उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. (आतून झाकण असलेलं सॉकेट असेल तर प्रोब जाणार नाही, खिळे-पिना घालून झाकण ढकलू नका, ते वायरमनवर सोडा. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टरही मिळतो. अर्थिंग आहे-नाही आणि फेज उलटी आहे का एवढं तो सांगतो, अर्थिंग कितपत चांगलं ते त्याला कळत नाही.) तीन आकडे घ्यायचे: उजवं-डावं, उजवं-वरचं, डावं-वरचं.

सगळं ठीक असेल तर पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे, २३० च्या मागेपुढे, आणि तिसरा दोनतीन व्होल्टच्या आत. तिसरा पाचाच्या वर गेला तर कुठेतरी जॉइंट सैल आहे असं समजून शोध घ्यायचा. काकूंकडे, कॉम्प्युटर त्याच बोर्डावर चालू असताना, माझे आकडे आले २२८, १२१ आणि १०७. शेवटच्या दोघांची बेरीज करून बघा. मोठं भोक हवेत लटकतंय याची याहून स्वच्छ खूण नाही. बोर्डावर काहीच लावलेलं नसेल तर अशा लटकत्या भोकाशी मीटर ४०, ६०, काहीही दाखवतो आणि आकडा हलत राहतो. त्याचाही अर्थ तोच.

तिसरा आकडा अगदी ०.० आला, घरात पंप चालू असतानासुद्धा हलला नाही, तर मात्र खूश होऊ नका. बोर्ड उघडून बघायला सांगा. बऱ्याचदा आत वीतभर वायरचा तुकडा न्यूट्रलवरून अर्थिंगच्या पिनेला मारलेला सापडतो. त्याबद्दल पुढे बोलते.

आणखी एक गंमत, जी मला पहिल्यांदा दिसली तेव्हा तासभर चक्रावले होते. एका गिऱ्हाइकाकडे बटण चालू असताना डबा थोडा चावायचा, आणि बटण बंद केलं की जास्त! कारण बोर्डात बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं होतं. बंद केलं की न्यूट्रल तुटते, फेज तशीच येत राहते, दोन्ही निळ्या कपॅसिटरच्या वरच्या टोकाला फेजच, आणि पत्रा ११५ वरून सरळ २३० च्या जवळ. तुमच्याकडे असं होत असेल तर अर्थिंगबरोबर फेज-न्यूट्रलची अदलाबदलही दुरुस्त करून घ्या. तोवर डबा उघडायचा असेल तर बटणावर विसंबू नका, पिन भिंतीतून बाहेर काढा.

डब्यात खराच दोष आहे की नाही हे वीज न लावता कळतं. कॉर्ड भिंतीतून काढायची, पण डब्याला लावलेलीच ठेवायची, एसएमपीएसच्या मागचं बटण चालू. मीटर ओहमवर. कॉर्डची मोठी पिन आणि डब्याच्या मागचा न रंगवलेला पत्रा: इथे आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. नाही आला तर कॉर्डच तुटलेली, आणि बाजारात अशाही कॉर्ड मिळतात ज्यात मोठी पिन असते पण आत तिसरी तार घातलेलीच नसते. मग दोन्ही लहान पिना आळीपाळीने आणि पत्रा: इथे काहीच लागता कामा नये, मीटरने उघडं दाखवायला हवं. काही किलोओहम जरी दाखवले तर डबा वापरू नका, घेऊन या. या वेळी मी एसएमपीएस बदलेन.

काकूंचा डबा दोन्ही बाबतींत चोख निघाला. मग बोर्ड खोलला. आत हिरवी वायर व्यवस्थित स्क्रूखाली आवळलेली. नातू म्हणाला, "ताई, अर्थिंग तर आहे." मी मीटर शेजारच्या खोलीत नेला, तिथेही तेच आकडे. मग पडवीत, विजेच्या मीटरच्या लाकडी बोर्डापाशी. मेन स्विच पाडला आणि बोर्ड भिंतीपासून थोडा ओढला. चारही खोल्यांच्या हिरव्या वायरी तिथपर्यंत आल्या होत्या, छान एकत्र पिळलेल्या, वर काळी टेप गुंडाळलेली, आणि तो गुंडा बोर्डाच्या मागे खोचलेला. टेपवर कौलांतून गळलेली तांबडी धूळ. पुढे जमिनीत जाणारी तारच नव्हती. वायरिंग करणाऱ्याने घरातलं काम पूर्ण केलं आणि अर्थिंगचा खड्डा "नंतर" ठेवला. ते नंतर १४ वर्षं आलं नाही. हिरवी वायर दिसली म्हणून समाधान मानू नका, ती कुठे संपते ते बघायचं.

आमच्या भागात हे फार आहे, आणि कारणही आहे. जांभ्यात खड्डा मारणं म्हणजे पहारीने दिवसभर ठोकणं. घाटावर काळ्या मातीत अडीच मीटर नळी उतरवणं त्या मानाने सोपं. म्हणून इथे शॉर्टकट जास्त, आणि शॉर्टकट जवळपास सगळेच वाईट.

सगळ्यात वाईट, तो न्यूट्रलचा तुकडा. "न्यूट्रल म्हणजे अर्थिंगच हो, खांबावर एकच आहे," असं आत्मविश्वासाने सांगणारे भेटतील. झिणझिण त्या क्षणी जाते हे खरं. पण वादळात फांदी पडून न्यूट्रल तुटली, किंवा घरातलाच न्यूट्रलचा जॉइंट सैल झाला, की घरातल्या चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फेज त्या न्यूट्रलवर येते आणि तुकड्यातून तुमच्या पत्र्यावर. किंवा खांबावर दुरुस्ती झाली आणि जोडताना फेज-न्यूट्रल उलटं झालं, तर कॅबिनेट, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या अंगावर सरळ २३०. आधी मुंग्या येत होत्या, आता माणूस चिकटेल.

नळाला तार बांधणारेही आहेत. हल्ली नळ वरून लोखंडी दिसला तरी पुढे प्लास्टिकच असतं, म्हणजे तुमची गळती तुम्ही न्हाणीत ओल्या हातांपर्यंत पोचवली. खिडकीच्या ग्रिलला बांधलेली तारही मी पाहिली आहे. बाहेरून त्याच ग्रिलवर कपडे वाळत घालायचे. गॅसच्या पाइपाचं तर नावही काढू नका. मोठी पिन कापून टू-पिन करणं किंवा कन्व्हर्टर लावणं यात दोष जातो कुठे? आता फक्त तपासायची सोयही गेली.

काम नीट करायचं तर असं. जागा निवडताना घराच्या भिंतीपासून दीडेक मीटर लांब आणि बारमाही ओल असेल अशी. कोकणात ती जागा शोधायला यंत्र लागत नाही. परसदारी न्हाणीचं सांडपाणी जातं तिथे अळू माजलेलं असतं, त्याच्या शेजारी. काकूंकडे तिथेच खणलं. ३८ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड नळी, अडीच मीटर, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, ही जुनी पद्धत. मीठ नळीला खातं, म्हणून हल्ली तांब्याचा मुलामा दिलेला रॉड आणि मिठाऐवजी ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची पूड वापरतात. परवडत असेल तर तेच करा. नळीला तार बांधतात तो क्लॅम्प मातीत पुरू देऊ नका. नट-बोल्टने आवळून, वर ग्रीस लावून, झाकणाच्या चौकटीत दिसेल असा ठेवा, कारण गंजतो तो तिथेच. तिथून मीटरपर्यंत जाड तार, मीटरपासून प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी, तांब्याची दीड स्क्वेअर मिलिमीटरची, मोठ्या १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची.

झिणझिण गेली म्हणजे खड्डा चांगला झाला, असं मात्र नाही. त्या एक तृतीयांश मिलिअँपिअरला १०० ओहमची भिकार अर्थिंगही पुरते. वायरमनकडून बल्बची चाचणी करून घ्या: फेज आणि अर्थिंगच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब. झगझगीत पेटला तर ठीक, मिणमिणला तर खड्डा कोरडा आहे किंवा जॉइंट कुजलाय. चाचणीआधी घरातली सगळी उपकरणं भिंतीतून काढा. अर्थिंग कुठेतरी तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज सगळ्या उपकरणांच्या पत्र्यावर जाऊन बसते. हे न सांगता बल्ब लावणारे वायरमन मला ठाऊक आहेत. आकडा हवा असेल तर अर्थ टेस्टर असलेला माणूस बोलवा. ५ ओहमच्या आत आलं तर उत्तम, जांभ्यात ते सहज येत नाही.

म्हणूनच आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, ३० मिलिअँपिअरचा. समजा तुमची अर्थिंग २० ओहमची आहे आणि फेज पत्र्याला टेकली. २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. तुमचा १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही, त्याच्या दृष्टीने कुणीतरी गीझर लावलाय. पत्रा मात्र तापल्या तव्यासारखा जिवंत. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट तोलून बघतो, फरक ३० मिलिअँपिअरवर पोचेपर्यंत खाली पडून लाइन तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पण ते बटण अर्थिंग नसलं तरी काम करतं, तेव्हा त्यावरून खड्ड्याची परीक्षा करू नका.

भाड्याच्या घरात राहणारी मुलं विचारतात, मालक खड्डा करून देत नाही, काय करू? आरसीसीबी बसवून घ्या. झिणझिण राहील, कारण ती ३० च्या खूप खाली आहे. खरा दोष झाला तर झटका बसेल, पण लाइन तुटेल. तोवर पायाखाली रबरी चटई, आणि केबल काढा-घालायच्या आधी सगळ्या पिना भिंतीतून बाहेर. विशेषतः टीव्ही आणि कॉम्प्युटर जोडताना. टीव्हीला केबलवाल्याची तार दुसऱ्याच घराच्या पोटेन्शिअलवरून आलेली असते, एचडीएमआय घालताना जी बारीक ठिणगी उडते ती पोर्ट घेऊन जाते. असे मेलेले पोर्ट माझ्याकडे दर महिन्याला येतात. स्पाइक गार्डवर भरवसा ठेवून बसला असाल तर, अर्थिंगशिवाय त्याचं निम्मं काम बंद.

लॅपटॉपचं थोडं वेगळं. टू-पिन चार्जरमध्येही तसलाच एक कपॅसिटर असतो, म्हणून धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाखाली खरखरतो, टचपॅडवरचा बाण कधीकधी वेड्यासारखा पळतो. चार्जरला थ्री-पिन कॉर्ड लावायची सोय असेल तर ती वापरा, अर्थातच अर्थिंग असलेल्या बोर्डावर. नसेल तर चार्जर काढून काम करा. चार्जर त्याच कंपनीचा असेल तर एवढ्यावर सोडून द्या. रस्त्यावरचा दोनशेचा असेल तर फेकून द्या. आतला कपॅसिटर कसला आहे यावर तुमचा जीव ठेवू नका.

हे सगळं झिणझिणीबद्दल. ज्या शॉकने हात झटकला जातो, स्नायू आवळतो, तो वेगळा, त्यात तपासत बसायचं नाही, मेन पाडायचा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर बाजारपेठेतले बोर्ड धुऊन-वाळवून परत लावले, तेव्हा हे पाहिलं. वरून कोरडे, आत पिनांच्या मागे वाशिष्ठीचा गाळ, आणि गाळाला जराशी दमट हवा लागली की फेजपासून पत्र्यापर्यंत वाट तयार. माझ्या स्वतःच्या दुकानातलाही एक बोर्ड तसा होता. पाण्यात गेलेले बोर्ड आणि सॉकेट बदलायचेच.

काकूंकडे शेवटी आकडे आले २२९, २२८ आणि १.४. काकूंनी चपला काढून, डब्यावर पालथा हात ठेवून पाहिला, मग सुनेला ठेवायला लावला. मी नातवाला खड्ड्यापाशी नेऊन झाकण उघडून क्लॅम्प दाखवला. एप्रिल-मे महिन्यांत अळू माना टाकायला लागलं की इथे रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतायचं, आणि पहिल्या पावसाआधी नट आवळून ग्रीस परत लावायचं.